नखाला ‘पिंग’ करून बघा!

गेल्या वर्षी मी बाईकवरून पडलो, मनगटाला प्लास्टर घातलं. रात्री बोटं फिकट, गार, बधिर. म्हटलं, सकाळी बघू. माझी ताई नर्स आहे. ती फोनवर म्हणाली, “आधी नख दाबून बघ रे.”

तुम्हीही आत्ता करा. नख ५ सेकंद दाबा. खालच्या बारीक केशवाहिन्यांतलं रक्त बाजूला सरतं आणि नख पांढरं पडतं. सोडल्यावर साधारण २ सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. सर्व्हरला पिंग करतो ना, तसंच! फक्त हात गार असेल तर रिप्लाय उशिरा येतो.

माझा रंग लवकर येईचना. लगेच दवाखान्यात गेलो, प्लास्टर कापून सैल केलं. सकाळपर्यंत थांबलो असतो तर हाताचे स्नायू निकामी होऊ शकले असते. आणि हो, रंग ठीक असला तरी दुखणं वाढत असेल, बोटं बधिर होत असतील, तर थांबू नका.

सावळ्या त्वचेवर निळेपणा पटकन दिसत नाही. म्हणून जीभ, हिरड्या, ओठांची आतली बाजू बघा. तिथे निळसर दिसलं, तर रक्तात ऑक्सिजन कमी पडतोय. मग गूगल नको, थेट १०८ लावा!