जपानी स्टाईलच्या टेराकोटा कुंड्या: १२० रुपयांची कुंडी ५०० ला कशी विकली जाते, आणि कुठे फसते



"सर, कमी भांडवलात घरून काय करता येईल?" असं विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात हल्ली डेकोरेटिव्ह कुंड्या असतात. त्यातही जपानी स्टाईलच्या. उथळ, साध्या, मातीच्याच रंगाच्या, खाली छोटे पाय असलेल्या. इन्स्टाग्रामवर फोटो छान दिसतो, भाव चांगला मिळतो. धंदा खरंच चांगला आहे. पण फोटो बघून उडी मारू नका. आधी हा माल मुळात काय आहे ते समजून घेऊ.

जपानमध्ये आइची प्रांतात तोकोनामे नावाचं गाव आहे. जपानच्या सहा प्राचीन कुंभारकाम केंद्रांपैकी हे एक. बाकीची पाच म्हणजे सेतो, एचिझेन, शिगाराकी, तांबा आणि बिझेन. तोकोनामेची लाल माती, बिनग्लेझच्या चहाच्या किटल्या आणि बोन्सायच्या कुंड्या जगभर ओळखल्या जातात. आपल्यासाठी या गावाची धंद्याची गोष्ट जास्त कामाची आहे. मोठे रांजण बनवणारं हे गाव मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ च्या दरम्यान, सांडपाण्याचे मातीचे पाइप बनवायला लागलं. पुढे टाइल्स आल्या, सॅनिटरीवेअर आलं, पंजा हलवणारी 'लकी कॅट' आली. आजही तिथे एका चढाच्या रस्त्याच्या कडेला जुने मातीचे पाइप रचून केलेली भिंत आहे, आणि पर्यटक मुद्दाम ती बघायला जातात. माती तीच, गिऱ्हाईक बदलत गेलं. हे बघायला गुंतवणूकही लागत नाही!

आता डिझाइन. जपानी म्हणजे कुंडीवर चेरीची फुलं आणि ड्रॅगन रंगवणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर उलट आहे. बोन्सायच्या कुंडीचा नियमच असा, की कुंडीने झाडावर कुरघोडी करायची नाही. पाइन, जुनिपरसारखी झाडं साधारणपणे बिनग्लेझच्या, मातकट कुंडीत लावतात, तर फुलाफळांची झाडं ग्लेझच्या रंगीत कुंडीत. कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या साधारण दोन तृतीयांश, आणि खोली खोडाच्या जाडीएवढी, असा ढोबळ हिशोब असतो. तळाला पाण्यासाठी मोठी भोकं, झाड तारेने बांधून ठेवायला बारीक भोकं, आणि खालून हवा जावी म्हणून पाय. यातली एकही गोष्ट नुसती शोभेची नाही. नक्षी हवीच असेल तर समुद्राच्या लाटांचं 'सेइगाइहा' किंवा तागाच्या पानाचं 'आसानोहा' हे पारंपरिक नमुने आहेत. एका कडेला, एकच पट्टा. तेवढं पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण पैसे इथेच बुडतात.

तोकोनामेची कुंडी हजार अंशांच्या वर भाजलेली असते. ती घट्ट होते, पाणी फारसं पीत नाही. आपल्याकडचा कुंभार भट्टी लावतो ती साधारण ७०० ते ९०० अंशांची. त्यामुळे आपला टेराकोटा सच्छिद्र राहतो. झाडाच्या मुळांना ते चांगलंच आहे. पण गिऱ्हाईक ही कुंडी अंगणात ठेवत नाही, ती सागवानी टीपॉयवर ठेवते. तीन आठवड्यांनी टीपॉयवर ओला गोल डाग, कुंडीवर क्षाराचे पांढरे चट्टे, आणि तुम्हाला फोन. दिसायला जपानी, वागायला देशी, असा हा माल आहे. हे विकण्याआधी सांगितलं तर तक्रार येत नाही. विकल्यानंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

उपाय आहेत. प्रत्येक कुंडीबरोबर बशी द्या, पण बशीसुद्धा मातीची असेल तर ती आतून ग्लेझची किंवा सीलर मारलेली हवी, नाहीतर तीही पाझरते. कुंडीच्या आतल्या बाजूला सीलर मारता येतो. बाहेरून चकचकीत वॉर्निश मात्र नको, मातीचा सगळा चेहराच जातो. आणि सोबत योग्य झाड सुचवा. जेड, सक्युलंट अशा कमी पाण्याच्या झाडांना उथळ टेराकोटा मानवतो. शेवाळ आणि फर्न मुंबईच्या फ्लॅटमध्ये अशा कुंडीत चार दिवसांत वाळतात, फोटोत कितीही गोड दिसू देत.

लेबलवर 'जपानी कुंडी' लिहू नका. 'जपानी शैलीची, हाताने घडवलेली' लिहा. पहिलं खोटं आहे, दुसरं खरं आहे आणि विकलंही जातं.

कुंभारकाकांकडे जाताना फोटो नाही, मापं घेऊन जा. माती वाळताना आणि भाजताना आकसते. किती, ते त्यांच्या मातीवर अवलंबून. समजा १० टक्के आकसते, तर २० सेंटिमीटरची तयार कुंडी हवी असल्यास ओली कुंडी २२.२ सेंटिमीटरची लागेल. गोल आकार चाकावर होतो. चौकोनी होत नाही, त्याला साचा किंवा थापलेल्या पट्ट्या लागतात, आणि कोपऱ्याच्या जोडावर तडा जायची भीती जास्त. म्हणून सुरुवात गोलापासून करा. उथळ, रुंद तळ घाईने वाळवला की वाकतो. तो सावलीत, सावकाशच वाळला पाहिजे, काकांच्या मागे घाई लावून काही होत नाही.

हिशोब बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. ५० कुंड्यांची ऑर्डर. कुंडी १२० आणि बशी ४०, म्हणजे १६० प्रमाणे ८,००० रुपये. घासणं आणि सीलर ३० प्रमाणे १,५००. पॅकिंग ५५ प्रमाणे २,७५०. एकूण १२,२५०. आता बरेच जण याला ५० ने भागतात आणि २४५ खर्च धरतात. पण वाहतुकीत ५ फुटल्या तर? विकायला उरल्या ४५, म्हणजे एका कुंडीचा खर्च २७२ रुपये. ३५० ला विकली तर ७८ सुटतात. त्यातून कुरिअर आणि ऑनलाइन कमिशन वजा केलं की हातात जवळपास काहीच नाही. ४९९ ला विकली तर २२७ सुटतात, आणि मग धंदा उभा राहतो. म्हणून पहिले सहा महिने जवळची नर्सरी, प्रदर्शन, सोसायटीतला स्टॉल हीच जागा बरी. तिथे कुरिअर नाही, फुटतूट कमी.

आणि कुंभाराचा दर पाडू नका. तुम्ही १२० चे १०० केले तर काका माती कमी चाळतील आणि तुमच्याच कुंडीत खडा फुटेल. उलट त्यांना एक उपयोगाची माहिती द्या. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि दोन टप्प्यांत मिळून ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज मिळू शकतं. ही योजना हाताने काम करणाऱ्या कारागिरासाठी आहे, नुसती विक्री करणाऱ्यासाठी नाही. तुम्ही आपली उद्यम नोंदणी करा, ती मोफत आहे.

पावसाळ्यात कच्चा माल वाळत नाही आणि उघड्यावरची भट्टी लागत नाही, म्हणजे गणपती-दिवाळीचा माल मे महिन्याच्या आत भाजून घरात हवा. नमुन्याच्या पाच कुंड्या जानेवारीत करून घ्या, त्यात झाड लावा, आणि महिनाभर स्वतःच्या टीपॉयवर ठेवून बघा. डाग पडला तर तुमच्या टीपॉयवर पडू दे. मग ५० ची ऑर्डर द्या.