मैदानावरची फक्कीची रेघ

आमच्या गावात मराठी आणि कन्नड अशा दोन सरकारी प्राथमिक शाळा एकाच आवारात भरतात. मैदान एक, नळ एक, घंटा मात्र दोन. सीमाभागातल्या वाचकांना यात नवल वाटण्याजोगे काही नाही. नवल आम्हाला वाटले ते एका सकाळी मैदानाच्या मधोमध फक्कीची पांढरी रेघ दिसली तेव्हा. ती खेळाच्या तासाची आखणी नव्हती. नळापासून निघून थेट कुंपणाला भिडली होती. पाचवीच्या मुलांना विचारले, तर एकाने न घाबरता सांगितले, "गुरुजी, ही आमची हद्द. त्यांनी इकडं यायचं नाही." हे कुणी शिकवले, असे विचारताच तो म्हणाला, "तुम्हीच सभेत म्हणता की, हद्द ठरल्याशिवाय गप्प बसायचं नाही."

आम्ही निरुत्तर झालो. वाक्य आमचेच होते, आणि ते मागे घेण्याची आमची आजही तयारी नाही.

१ नोव्हेंबर १९५६ पासून हा प्रश्न आपण उराशी बाळगून आहोत. २००४ साली महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने सोय करावी, असे राज्यघटनेचे ३५०-अ हे कलम सांगते. शाळेला मराठी शिक्षक हवा, कागदपत्रे मराठीतून हवीत, या मागण्या त्याच हक्काच्या पोटातून आल्या आहेत. पण हे सारे भांडण सरकारशी आहे. नळावर तांब्या धरून उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या कन्नड पोराशी नाही. मोठ्यांना हे कळते. मात्र घरात, पारावर, बैठकीत बोलताना आपण नुसते 'ते लोक' म्हणतो, आणि मूल त्या 'ते'च्या जागी शेजारच्या शाळेतल्या मुलाला बसवते. त्याला सचिवालय कुठे दिसते? त्याला दिसतो तो नळावरचा पोरगा.

प्रथम आम्ही शिक्षकांनी करावे तेच केले, म्हणजे भाषण. प्रार्थनेच्या वेळी बंधुभावावर दहा मिनिटे बोललो, दोन्हीकडच्या म्होरक्यांना हात मिळवायला लावले. मधल्या सुट्टीत त्याच दोघांनी एकमेकांची दप्तरे उकिरड्यावर टाकली. मैत्री ही पाढ्यांसारखी पाठ करून घेता येत नाही, हे शिक्षणशास्त्राच्या पदवीपेक्षा त्या दप्तरांनी आम्हाला अधिक चांगले शिकवले.

मग कन्नड शाळेच्या मास्तरांशी बोललो. तेही त्रासलेले होते. ठरले ते एवढेच की, शनिवारी दोन्ही शाळांनी मिळून लगोरी खेळायची आणि संघ चिठ्ठ्या टाकून पाडायचे. लगोरीला कन्नडमध्येही लगोरीच म्हणतात, त्यामुळे खेळाच्या नावावरून वाद होण्याची सोय नव्हती. नियम एकच जादा घातला: हाक मारायची ती नावाने. 'ए कानड्या' म्हणणारा एक डाव बाहेर. आपल्या मुलांसाठी त्यांच्याकडे जो शब्द होता, तो इथे लिहीत नाही. त्यालाही तीच शिक्षा. पहिल्या शनिवारी निम्मा संघ बाहेरच बसला होता.

दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी गंमत झाली. चेंडूला कन्नडमध्येही चेंडूच म्हणतात. आमच्या एका मुलाने मोठ्या ऐटीत 'चेंडू कोडु', म्हणजे 'चेंडू दे', अशी आरोळी ठोकली, आणि कन्नड मुले पोट धरून हसू लागली. कन्नडमध्ये ओकार ऱ्हस्वही असतो आणि दीर्घही. ऱ्हस्व म्हटले तर 'दे', लांबवले तर 'शिंग'. पोराने चेंडूऐवजी शिंग मागितले होते! आपल्या कानाला हा फरक चटकन कळत नाही, कारण मराठीत तो नाही. मुलगा रडकुंडीला आला. तेव्हा त्यांच्यातल्याच एका मुलीने पुढे होऊन तो उच्चार त्याच्याकडून चार वेळा म्हणवून घेतला.

हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आमच्या वर्गातही कन्नड घरातून आलेली एक मुलगी आहे. ती 'पुस्तक हरवला', 'पाटी फुटला' असे बोलली की वर्ग खिदळायचा. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. आपल्याकडे मात्र पाटी ती, फळा तो आणि पुस्तक ते. का, असे आम्ही वर्गाला विचारले. फळ्याने काय म्हणून पुरुष व्हावे? एकालाही सांगता आले नाही. (खरे तर आम्हालाही आले नसते.) हसणे पुढच्या आठवड्यात बरेच ओसरले. शिंग मागणारा तो मुलगा तर आता तिची चूक हळूच, दुसऱ्याला ऐकू न जाता, दुरुस्त करतो.

समितीतल्या एका ज्येष्ठांना हे रुचले नाही. "अशाने लढ्याची धार जाईल," असे ते बैठकीत स्पष्ट म्हणाले. त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत, त्यांचा शब्द आम्ही हलका मानत नाही. पण ज्या साने गुरुजींचे नाव आपण घेतो, ते तुरुंगात तमिळ शिकले आणि त्यांनी तिरुक्कुरळ मराठीत आणले. त्यांची मराठी त्याने उणी झाली नाही. आंतरभारतीचे स्वप्न मांडणारेही तेच. शेजाऱ्याची भाषा समजणारा मुलगा उद्या कचेरीत आपला हक्क मागायला अधिक नेटाने उभा राहील, असे आमचे मत आहे. ज्येष्ठांना ते पटलेले नाही. पालकांतही कुरकूर आहे, आणि कन्नड शाळेच्या मास्तरांना त्यांच्या गावकऱ्यांनी हेच प्रश्न विचारले आहेत.

सारे सुरळीत झाले असे कुणी समजू नये. परवाच नळावर पहिला नंबर कुणाचा यावरून झोंबाझोंबी झाली. पण त्यात एका बाजूला दोन मराठी आणि एक कन्नड मुलगा होता, दुसऱ्या बाजूलाही तसेच मिश्रण. शिक्षा दोन्ही शाळांनी मिळून केली: आठवडाभर सहाही जणांनी झाडांना पाणी घालायचे.

आता मास्तरांचा निरोप आला आहे की, येत्या शनिवारी मुलींचाही डाव लावू. त्यांच्याकडे अकरा जणी तयार आहेत, आमच्याकडे सातच. आमच्या काही आया म्हणतात, मुलींनी मैदानात कशाला जायचे. त्यांच्या घरी उद्या संध्याकाळी जायचे आहे.