पुन्हा ऐकू आलेली टकटक

बेंगळुरूच्या दूरवाणीनगरात एके काळी टेलिफोन एक्स्चेंज घडायची. आयटीआय, म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, हा कारखाना १९४८ सालचा. तिथे बनणाऱ्या स्ट्रॉजर यंत्रात, आपण फिरवलेल्या आकड्यागणिक धातूचा दांडा टकटक करत वर चढायचा, मग गोल फिरून नेमक्या पट्टीला टेकायचा. केसभर इकडेतिकडे टेकला तरी वीज वाहायची.

१९८६ मध्ये सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेचं १२८ पोर्टचं, इलेक्ट्रॉनिक ग्रामीण एक्स्चेंज कर्नाटकातल्याच कित्तूरला सुरू झालं आणि ती टकटक थांबणार हे ठरून गेलं. हलेल ते झिजेल, असं सगळे धरून चालले.

तोवर काच आली होती. देशातली पहिली प्रकाशतंतू जोडणी १९७९ मध्ये पुण्यातल्या स्थानिक एक्स्चेंजांसाठी झाली. पण प्रकाशाची वाट बदलायची तर आधी त्याची वीज करा, मग पुन्हा प्रकाश करा, असा द्राविडी प्राणायाम होता. एर्बियम वर्धकामुळे प्रकाश तंतूतच वाढवता येऊ लागला, एका तंतूतून कित्येक तरंगलांबी धावू लागल्या, तेव्हा या उलटापालटीचा खर्च डोळ्यांत भरू लागला. त्यापेक्षा तंतूच उचलून दुसऱ्या तंतूसमोर धरला तर?

म्हणायला सोपं आहे. तंतूची काच १२५ मायक्रॉन जाड आणि प्रकाश वाहतो तो गाभा जेमतेम नऊ. तोंडाला तोंड लावताना एक मायक्रॉन सरकलं तर चारेक टक्के प्रकाश वाया जातो. गाभ्याच्या निम्म्याइतकं सरकलं तर अर्ध्याहून जास्त. म्हणून तंतू नेमका बसवायला सिलिकॉनमध्ये ‘व्ही’ आकाराच्या खोबणी कोरल्या गेल्या. कोरणारं रसायन स्फटिकाच्या ठरावीक प्रतलाशी येऊन थबकतं, त्यामुळे भिंतींचा कोन दर वेळी ५४.७ अंशच येतो. हाताला न साधणारी अचूकता स्फटिकाच्या अंगातच असते, हे मला आजही विलक्षण वाटतं. दोन तोंडांमधल्या फटीतून प्रकाश उलटा फिरू नये म्हणून तिथे काचेशी जुळणारं तेल भरत. पुढे तंतू जागीच ठेवून तोंडाशी भिंग बसवलं. झोत रुंद झाला, थोडी सरक चालू लागली. कोन मात्र तसूभरही चुकून चालेना. झोताची वाट बदलणारा लोलक मधे आतबाहेर करायला एक छोटा रिले, जुन्या एक्स्चेंजांत असायचा तसाच.

प्रकाशतंतू जाळ्यांची उपकरणं बनवणारी तेजस नेटवर्क्स ही कंपनी २००० मध्ये बेंगळुरूमध्येच सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी कुमार शिवराजन यांनी राजीव रामस्वामींसोबत लिहिलेलं ‘ऑप्टिकल नेटवर्क्स’ हे पुस्तक या विषयातल्या कित्येकांनी अभ्यासलं आहे. प्रकाशाच्या निरनिराळ्या स्विचांची तुलना तिथे वाचताना यांत्रिक स्विचचा मोठेपणा कळतो. तो हळू आहे, काही मिलिसेकंद घेतो. पण प्रकाश फार कमी गळतो, शेजारच्या वाटेत झिरपत नाही. तंतूतून किती वेगाने काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. खटक्याचा असेल तर वीज गेली तरी तो जागा सोडत नाही. विजेच्या लपंडावात हा गुण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

आणि इथे खोदकाम कधीच संपत नाही. फावड्याने मुख्य केबल तुटते, प्रकाश मावळतो, टक्‌ आवाज होतो आणि सगळी वाहतूक राखीव वाटेला लागते. मग रात्री, बॅटरीच्या उजेडात, खड्ड्याकाठी बसलेला तंत्रज्ञ अल्कोहोलने तंतू पुसतो आणि स्प्लायसिंग मशीनच्या पडद्यावर दोन बारीक रेघा एकमेकींसमोर येईपर्यंत थांबतो.