खोटी नोंद साखळीत गेली तरी खोटीच

बँकेचा घोटाळा बाहेर आला की पालघर-बोईसरच्या गप्पांत कुणीतरी ठणकावून सांगतं, ‘ब्लॉकचेन असती तर हे झालंच नसतं.’ हे ज्ञान आता इतकं पसरलंय, की त्यावर शंका घेणाराच अडाणी ठरतो.

ब्लॉकचेन म्हणजे अनेकांकडे एकसारखी प्रत असलेली हिशेबाची वही. नोंदींच्या प्रत्येक नव्या गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा गणिती ठसा असतो. मागची नोंद कुणी गुपचूप बदलली, तर ठसे जुळत नाहीत आणि लबाडी उघडी पडते. राखण होते ती नोंद झाल्यानंतर. लिहिणाऱ्याने खरं लिहिलं की खोटं, हे वहीला कळत नाही.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकच घ्या. सप्टेंबर 2019मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येऊ लागले. पोलिसांतल्या फिर्यादीनुसार एचडीआयएल या बांधकाम समूहाची आणि इतर काही थकीत कर्जखाती झाकण्यासाठी 21,049 बनावट खाती दाखवली गेली. आरोप बँकेच्याच वरिष्ठांवर आहे, कुणा हॅकरवर नाही. आतल्याच माणसाने खोटं खातं उघडलं, तर ब्लॉकचेन ते इमानेइतबारे जपून ठेवील!

पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतला घोटाळा 2018मध्ये उघड झाला. तिथे हमीपत्रं ‘स्विफ्ट’ या बँकांच्या संदेशप्रणालीवरून परदेशी गेली, पण बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत त्यांची नोंदच नव्हती. रिझर्व्ह बँकेने मग बँकांना या दोन प्रणाली जोडायला लावल्या. त्यासाठी ब्लॉकचेन लागत नाही.

मग ती निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. तारापूर एमआयडीसीसारख्या वसाहतीतला लहान कारखानदार मोठ्या कंपनीला माल देतो आणि पैसे येईपर्यंत बिल डिस्काउंट करून घेतो, म्हणजे थोडी सूट देऊन बिलाचे पैसे आधीच उचलतो. तेच बिल कुणी दुसरीकडेही डिस्काउंटला टाकलं, तर पैसे देणाऱ्याला कळणार कसं? गिऱ्हाइकांची माहिती कुणीच प्रतिस्पर्ध्याला देत नाही. म्हणून लघुउद्योगांची बिलं डिस्काउंट करून देणाऱ्या आरएक्सआयएल, एम1एक्सचेंज आणि इन्व्हॉइसमार्ट या तीन ‘ट्रेड्स’ मंचांनी 2018मध्ये मोनेटागो या कंपनीची ब्लॉकचेन घेतली. बिल गुप्तच राहतं, त्याचा फक्त ठसा तिथे जातो. तोच ठसा पुन्हा आला की दुबार बिल पकडलं जातं. एकमेकांवर विश्वास नसलेल्यांना एक वही हवी असते, तिथे ही युक्ती कामाची. मात्र मुळातच बनावट असलेलं बिल पहिल्यांदा आलं, तर त्याची वेगळी तपासणीच लागते.

‘आता बँकाच संपणार’ हेही ऐकू येतं. प्रत्यक्षात 2016मध्ये आयसीआयसीआय बँकेने एमिरेट्स एनबीडीबरोबर दुबईहून येणाऱ्या पोलादी भंगाराचा आयात व्यवहार ब्लॉकचेनवर करून दाखवला, आणि 2021मध्ये 15 बँकांनी मिळून ब्लॉकचेनच्या वापरासाठी कंपनीच काढली. गैरसमज आणखीही आहेत. ब्लॉकचेन म्हणजे बिटकॉइन नव्हे. बिटकॉइन हा तिचा एक वापर. यूपीआय ब्लॉकचेनवर चालत नाही. किरकोळ वापरासाठी 1 डिसेंबर 2022 पासून चाचणीला आलेला डिजिटल रुपया रिझर्व्ह बँकेचंच चलन आहे, त्याचा भाव बिटकॉइनसारखा वरखाली होत नाही.

आणि ‘ब्लॉकचेनवाल्या बँकेत ठेव बुडत नाही’? ठेवविमा तंत्रज्ञान पाहत नाही. फेब्रुवारी 2020 पासून तो विमा असलेल्या प्रत्येक बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह 5 लाखांपर्यंतच आहे.