चिनी मातीची बरणी आणि आमचा आवा
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात फडताळाच्या वरच्या फळीवर एक बरणी आहे. खालून पांढरी, वरून तपकिरी, आणि गळ्याशी फडके बांधण्यापुरती खाच. आजोबा मुंबईला गिरणीत होते, तेव्हा त्यांनी ती लालबागहून आणली. आजी तिला ‘चिनी मातीची बरनी’ म्हणते आणि आंब्याचे लोणचे तिच्याशिवाय कशातच घालत नाही. वाचकांना यात नवल वाटणार नाही, कारण महाड-पोलादपूरकडच्या बहुतेक घरांत अशी एक बरणी असतेच. परंतु आमचे घर कुंभाराचे आहे. कुंभाराच्या घरातले लोणचे दुसऱ्याच्या मातीत मुरते, ही गोष्ट लहानपणी मला कधी खटकली नाही. ती खटकली २०२१ सालच्या जुलै महिन्यात.

२२ जुलैच्या रात्री सावित्रीचे पाणी चढले, ते आमच्या घरातही शिरले. पावसाळ्यात आवा लागत नाही. त्यामुळे पडवीत उन्हाळ्यात भाजून ठेवलेली चाळीसेक मडकी होती आणि आत गणपतीचे काम चालू होते. पाणी ओसरल्यावर गणपतींच्या जागी नुसता शाडूचा राडा उरला होता. भाजलेली मडकी मात्र बहुतेक धड होती. आम्हाला बरे वाटले. चार दिवस धुऊन-वाळवून पाहिले, पण त्यांचा रॉकेलसारखा वास काही जाईना. ती पुराचे पाणी प्यायली होती. बरणीतही चिखल भरला होता. आजीने ती आतून-बाहेरून घासली, गरम पाणी आणि मिठाने विसळली, उन्हात पालथी घातली आणि पुढच्या वैशाखात तिच्यात लोणचे घातले. मी विचारले तेव्हा म्हणाली, “आरं, मडकं पानी पितं. बरनी पीत न्हाय.”

आजी शाळेत गेलेली नाही. पण मातीच्या भांड्यांविषयी मी नंतर ग्रंथालयात जे जे वाचले, त्याचे सार तिच्या या दोन वाक्यांत आहे. एक भांडे पाणी पिते आणि दुसरे पीत नाही, याचे कारण काय?

कारण दोन गोष्टींत आहे, मातीत आणि आचेत. आपल्या कोकणच्या मातीत लोह फार. म्हणून ती भाजल्यावर लाल होते. आमचा आवा उघड्यावर रचलेला असतो. खाली-वर मडकी, मध्ये लाकूड, गवत, शेणी, आणि वरून राख व मातीचा थर. त्यात आच साधारण सातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत जाते. तेवढ्यात माती घट्ट होते, पण कणाकणांमधली भोके बुजत नाहीत. चीनमधली गोष्ट वेगळी. तिथल्या जियांगशी प्रांतात जिंगडेझेन नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच्या गावलिंग नावाच्या डोंगरात पांढरी शुभ्र, लोह नसल्यासारखी माती सापडते. या डोंगराच्या नावावरूनच त्या मातीला जगभर ‘केओलीन’ म्हणतात. तिच्यात एक विशिष्ट दगड कुटून मिसळायचा आणि बंद भट्टीत सुमारे तेराशे अंशांपर्यंत आच न्यायची. मग तो दगड वितळून काचेसारखा होतो, सगळी भोके भरून टाकतो आणि भांडे टिचकी मारली की घंटेसारखे वाजते. आमची माती त्या आचेला ठेवली तर तिचे भांडे उभे राहणार नाही, वितळून बसकण मारील.

भांड्यावरची झिलई म्हणजे तरी काय? ती मुळात काच आहे. वाळू वितळायला फार आच लागते, परंतु तिच्यात राखेतला क्षार मिसळला की ती लवकर वितळते. चीनमधल्या जुन्या भट्ट्यांत लाकडाची राख उडून भांड्यांच्या खांद्यावर पडे आणि तीव्र आचेत तिथेच तिची काच होई. कुंभारांनी ते पाहिले आणि पुढे राख मुद्दाम लावायला सुरुवात केली. हे मी बाबांना सांगितले, तेव्हा ते हातातले काम थांबवून ऐकू लागले. राख तर आमच्याही मडक्यांवर दरवेळी पडते. ती आम्ही फडक्याने पुसून टाकतो.

आता ही चिनी भांडी आपल्याकडे कशी आली ते पाहू. त्यासाठी फार लांब जायला नको, आपल्याच जिल्ह्यातल्या चौलला जाऊ. अलिबागजवळचे चौल आज नारळी-पोफळींचे शांत गाव आहे, पण एके काळी ते मोठे बंदर होते. दहाव्या शतकाच्या आरंभी अल् मसूदी हा अरब प्रवासी तिथे येऊन गेला. त्याने गावाचे नाव ‘सैमूर’ असे लिहिले आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात चौलला शोधकार्य केले. त्यात परदेशी झिलईदार भांड्यांबरोबर चिनी भांड्यांचेही तुकडे मिळाले. उत्तरेला, महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे लागूनच असलेल्या संजाण येथे २००२ ते २००४ या काळात उत्खनन झाले. पारशी बांधव जिथे प्रथम उतरले असे मानतात तेच हे संजाण. तिथे तर इराण-इराककडची आणि चिनी खापरे शेजारी शेजारी निघाली.

ही भांडी समुद्रातून कशी येत, याचा एक अद्भुत पुरावा १९९८ साली इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ सापडला. नवव्या शतकात बुडालेले एक गलबत. ते होते अरबी धाटणीचे, फळ्या खिळ्यांनी न ठोकता दोरीने शिवलेले, आणि त्यात चीनमधली सुमारे साठ हजार भांडी होती! एका वाडग्यावर इसवी सन ८२६ शी जुळणारी चिनी तारीख कोरलेली आहे. वाडगे मोठमोठ्या रांजणांच्या पोटात एकात एक बसवून भरले होते. आमच्याकडे बाजाराला मडकी नेताना मोठ्याच्या पोटात लहान घालून मध्ये पेंढा कोंबतात. ते वाचून मला त्या कोण्या अनोळखी हमालाविषयी एकदम आपुलकी वाटली.

मोठे रांजणही भांडी म्हणून प्रसिद्ध होते. ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून ते येत, म्हणून हिंदीत बरणीला ‘मर्तबान’ हा शब्द पडला. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता सांगतो की, पूर्वेकडच्या प्रवासात एका राजकन्येने त्याला चार मर्तबान भेट दिले, आणि त्यांत समुद्रप्रवासासाठी खारवलेली मिरी, लिंबे आणि आंबे होते. म्हणजे सहा-सातशे वर्षांपूर्वीही आजीचाच नियम चालू होता. खार आणि आंबट असेल तर पाणी न पिणारे भांडे हवे.

परंतु माझ्या मते खरी गंमत भांड्यांच्या प्रवासात नाही, कुंभारांच्या विद्येच्या प्रवासात आहे. चिनी पांढरी भांडी बसऱ्याला पोचली, तेव्हा तिथल्या कुंभारांकडे ती माती नव्हती. मग त्यांनी आपल्या पिवळसर मातीवर कथिलाची पांढरी झिलई चढवली आणि तिच्यावर निळ्या रंगाने वेलबुट्टी काढली. हा निळा रंग कोबाल्टचा. चौदाव्या शतकात इराणकडचा कोबाल्ट चीनला जाऊ लागला आणि जिंगडेझेनच्या पांढऱ्या भांड्यावर तो निळा चढला. ज्याला सारे जग ‘चिनी’ म्हणून ओळखते ते निळे-पांढरे भांडे असे दोन मुलखांच्या कुंभारांनी मिळून घडवलेले आहे. युरोपला मात्र या पांढऱ्या भांड्याचे मर्म १७०८ च्या सुमारास, जर्मनीतल्या सॅक्सनीत उमगले. पुढे १७१२ मध्ये एका फ्रेंच पाद्र्याने जिंगडेझेनहून लिहिले की, तिथे एकेका भांड्यावरून सत्तर कामगारांचे हात फिरतात. आमच्या घरी पाच जणांचे फिरतात, तेही परीक्षा नसतील तेव्हा.

आपल्याकडे काय झाले? आपल्याकडे शब्द आला. दौलताबादच्या किल्ल्यात ‘चिनी महाल’ आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा याला १६८७ नंतर औरंगजेबाने तिथे कैदेत ठेवले होते. त्या महालाला चिनी म्हणतात ते भिंतींवरच्या निळ्या-पांढऱ्या झिलईच्या कामामुळे. चीनशी त्याचा संबंध एवढाच. चकाकते ते सारे चिनी, असा अर्थ होऊन बसला. मुंबईत मात्र एकदा वेगळे घडले. सर जमशेटजी जिजीभाईंनी चीनच्या व्यापारात, त्यातही अफूच्या, अमाप पैसा मिळवला. त्यांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा निघाली. तिथले प्रमुख टेरीसाहेब यांनी १८७० च्या दशकात मातकामाचा विभाग काढला, सिंधमधल्या झिलईची रीत मुंबईत आणली आणि विद्यार्थ्यांकडून भांड्यांवर अजिंठ्याची चित्रे काढून घेतली. ती भांडी विलायतेच्या प्रदर्शनांत गाजली. पण कोकणातल्या चाकावरच्या माणसापर्यंत ती विद्या उतरली नाही.

का उतरली नाही? आमच्या लोकांना अक्कल नव्हती, असे म्हणणारे भेटतात. ते मला पटत नाही. एक कारण साधे आहे. आपल्या गिऱ्हाईकाला पाणी पिणारेच मडके हवे होते. झिरपलेले पाणी बाहेरून सुकते म्हणून आतले थंड राहते. झिलई चढवलेल्या माठात पाणी गार होणार नाही. दुसरे कारण लाकडाचे. तेराशे अंशांची भट्टी पोसायची ऐपत बलुत्यावर जगणाऱ्या कुंभाराला कुठली?

तिसरे कारण लिहिताना मला जड जाते, पण ते टाळून हा लेख पुरा होणार नाही. जुन्या रूढीप्रमाणे मातीचे भांडे एकदा विटाळले की शुद्ध होत नाही. पितळेचे भांडे घासून चालते, मडके फोडावेच लागते. कोणी गेले की मडके, संक्रांतीला नवे सुगड, विटाळ झाला की नवी घागर. मडके पाणी पिते, तसा ते विटाळही पिते, अशी समजूत. आमचा धंदा या फुटण्यावर चालला. न बाटणारे भांडे करायला आम्हाला कोण सांगणार होते? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह आपल्या महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ केले ते १०८ मडक्यांनी, शेण, गोमूत्र, दूध, दही त्यात घालून. ती मडकी कुठल्या तरी कुंभाराच्या आव्यातूनच निघाली असणार. चिनी मातीची कपबशी मात्र काहीच पीत नाही. धुतली की कोणाचाही स्पर्श तिच्यावर उरू नये. तरीसुद्धा कित्येक हॉटेलांतून दलितांसाठी वेगळी, कान तुटलेली कपबशी बाहेर ठेवलेली असे. तेव्हा दोष मातीच्या भोकांचा नव्हताच.

असो. आता पुन्हा आमच्या बरणीकडे येतो. या लेखासाठी मी ती खाली उतरवून पालथी केली. बुडाशी पुसट इंग्रजी अक्षरांचा शिक्का आहे आणि त्यात गुजरातेतल्या एका गावाचे नाव आहे. म्हणजे आमची ‘चिनी’ बरणी चीनची नाहीच! सौराष्ट्रात थान, मोरबी, वांकानेर या भागात या भांड्यांचे मोठे कारखाने उभे राहिले, आणि त्या उद्योगाचा पाया घालणाऱ्यांत परशुराम गणपुले हे मराठी गृहस्थ होते. बरणीही खरे चिनी पोर्सेलीन नव्हे, तिला स्टोनवेअर म्हणतात. हे सारे ऐकून आजी म्हणाली, “आसंल. लोनचं तर ऱ्हातंय ना?”

गेल्या उन्हाळ्यात मी एक प्रयोग केला. चाळलेली राख, बारीक वाळू आणि थोडी माती पाण्यात कालवून एका बोळक्याला फासली आणि ते आव्याच्या मध्यभागी, सर्वांत जास्त आच असते तिथे ठेवले. बाबांनी आडकाठी केली नाही. तिसऱ्या दिवशी आवा उघडला. बोळके पांढऱ्या भुकटीने माखलेले निघाले. नखाने खरवडताच भुकटी गळून पडली, काच कुठेही झाली नव्हती. चुलत भाऊ हसले. बाबांनी बोळके हातात घेऊन उन्हाकडे फिरवले, आतून हात घालून पाहिले आणि मला विचारले, “बंद भट्टी बांधायची तर विटा कसल्या लागतात, ते तुझ्या पुस्तकात आहे काय?”

ते मी सध्या शोधतो आहे.