शंभर दिवस वाळलेली द्राक्षं

तासगावात आमची बेदाण्याची शेड आहे. डिपिंग ऑइलमधून काढलेला माल जाळीवर पंधरा दिवसांत तयार होतो. म्हणून इटलीत, व्हेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्लात, माडीवरच्या हवेशीर खोलीत द्राक्षं तीन-चार महिने वाळतात हे पाहून मी थबकलो. तिथे ऑइल नाही, ऊन नाही. कोर्विना, कोर्विनोने, रोंदिनेल्ला या काळ्या जातींचे घड उथळ क्रेटमध्ये एकच थर लावून ठेवलेले. बुरशीची धास्ती मात्र अगदी आपल्यासारखीच! वजन तीस-चाळीस टक्क्यांनी घटलं, साखर दाट झाली, की थंडीत घड चिरडतात.

त्या रसाची वाइन म्हणजे आमारोने. नावातच 'आमारो', म्हणजे कडू. किण्वन मध्येच थांबवलं तर गोड रेचोतो होते. आमारोनेत मात्र यीस्ट जवळजवळ सगळी साखर खातं आणि अल्कोहोल किमान 14 टक्क्यांवर जातं. पहिल्या घोटाला सुकी चेरी, मग कोको, शेवटी सुखद कडवटपणा. इतकी भरदार वाइन मी दुसरी प्यायलेलो नाही.

2010च्या काढणीपासून तिला डीओसीजी हा इटलीतला सर्वोच्च दर्जा आहे. विक्रीआधी किमान दोन वर्षं मुरवावी लागते. जास्त मुरवलेली 'रिझेर्वा' असेल तर चार.