स्वमग्न मूल आणि त्याचे ताट

भोजनगृहात पंगत बसली की कोणता विद्यार्थी काय टाकून उठतो, हे आमच्या वाढणाऱ्या मावशींना अचूक ठाऊक असते. मात्र स्वमग्न मुलांचे पालक शाळेत चौकशीला येऊ लागले, तेव्हा ताटाचा हा प्रश्न किती निराळे रूप घेऊ शकतो याची आम्हांस जाणीव झाली. एका मातेने सांगितले की, तिचा मुलगा दोन वर्षे भात, दूध आणि ठरावीक बिस्किटे यांवरच आहे. मग तिने पिशवीतून जीवनसत्त्वांच्या तीन बाटल्या काढून मेजावर ठेवल्या. महिन्याच्या मजुरीतला मोठा हिस्सा त्यांवर जात होता. ‘‘सर, यानं तो बरा होईल ना?’’ असे तिने विचारले. तिला त्या वेळी आम्ही जे सांगितले, ते अधिक विस्ताराने येथे मांडत आहोत.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या नोंदी प्रसिद्ध करून स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्या नोंदींतही काही मुलांच्या खाण्याच्या अडचणी आढळतात. पुढील काळात, आईच्या थंड, कोरड्या वागण्यामुळे मूल असे होते, हा क्रूर समज बळावला. सॅन दिएगो येथील मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड हे स्वतः स्वमग्न मुलाचे वडील. त्यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात हा समज खोडून काढला आणि स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे असे प्रतिपादन केले. असंख्य मातांच्या डोक्यावरचे ओझे त्यांनी उतरवले, याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे.

याच रिमलँड यांनी पुढे ब-६ जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत द्यावे, सोबत मॅग्नेशियम द्यावे, असा आग्रह धरला. १९७८ साली त्यांनी सोळा मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. परंतु २००५ मध्ये उपलब्ध प्रयोगांची काटेकोर छाननी झाली, तेव्हा पात्र ठरलेले प्रयोग केवळ तीन निघाले. त्यांतील मुले मोजकीच होती आणि त्यांवरून या उपचाराची शिफारस करता येईना. शिवाय ब-६ दीर्घकाळ अतिमात्रेत घेतल्यास हातापायांच्या नसांना इजा होऊन बधिरता येते. अ आणि ड ही जीवनसत्त्वे तर शरीरात साठतात. अ जीवनसत्त्वाचा अतिरेक यकृताला बाधतो. ‘व्हिटॅमिनच आहे, अपाय काय होणार?’ हे आपल्याकडील वाक्य म्हणूनच आम्हांस धोक्याचे वाटते.

मग पोषणाचा आणि स्वमग्नतेचा संबंधच नाही काय? आहे, आणि तो फार निकडीचा आहे. फक्त त्याची दिशा उलटी आहे. यांपैकी पुष्कळ मुलांना पदार्थाचा स्पर्श, वास, रंग, चावतानाचा आवाज इतरांहून तीव्रतेने जाणवतो. भाजीचा एक तंतू जिभेला लागला तरी घास बाहेर येतो. लोक त्याला लाड म्हणतात. तो लाड नसतो. ताट असे आक्रसत जाते आणि वजन ठीक दिसत असतानाही आत कमतरता साठत राहते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण स्कर्व्हीचे. खलाशांचा म्हणून ओळखला जाणारा हा रोग आजही अतिमर्यादित आहार असलेल्या स्वमग्न मुलांत आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मूल लंगडते, पुढे चालणेच नाकारते, हिरड्यांतून रक्त येते. ज्याला दुखणे शब्दांत सांगता येत नाही, त्याचे रडणे ‘स्वमग्नतेतला हट्ट’ ठरते. कधी संधिवाताच्या, तर कधी रक्ताच्या कर्करोगाच्या तपासण्या होतात. कारण मात्र क जीवनसत्त्वाचा अभाव असते, आणि ते योग्य मात्रेत दिल्यावर वेदना थोड्याच दिवसांत ओसरू लागतात. म्हणून पालकांना आमची विनंती आहे: मूल अकारण लंगडू लागले, तर ते काय खाते आणि काय खात नाही, हे डॉक्टरांना न विचारताही सांगा.

लोहाचेही तसेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६७ टक्के भारतीय बालकांत रक्तक्षय आढळला. दुधाबिस्किटांवर वाढणारे मूल त्यातून सुटणे कठीण. लोह कमी असले की झोप अस्वस्थ होते, चिडचिड वाढते. माती, खडू, भिंतीचे पोपडे खाण्याचाही त्याच्याशी संबंध असू शकतो. तपासणी करून डॉक्टरांनी दिलेले लोह हा खरा उपचार आहे. त्याने स्वमग्नता जाणार नाही, परंतु मुलाची रात्र शांत होऊ शकेल.

गहू आणि दूध बंद करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. सर्वच स्वमग्न मुलांना त्याचा लाभ होतो असे सिद्ध झालेले नाही. जे मूल चारच पदार्थ खाते, त्याच्या ताटातून दूध काढले तर कॅल्शियम, प्रथिने आणि ब-१२ कोठून येणार? पथ्य करायचेच असेल तर आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावे.

आणखी एक चूक प्रेमापोटी होते. पालकाचा रस भातात लपवून दिला जातो. मूल ते ओळखते आणि त्या दिवसापासून भातही सोडते. त्यापेक्षा नवा पदार्थ ताटाशेजारी नुसता ठेवावा. पाहणे, हात लावणे, हुंगणे, चाटणे असे दिवस जाऊ द्यावेत. कुरकुरीत आवडणाऱ्या मुलाला नाचणीचा पापड किंवा भाजलेले चणे जवळचे वाटू शकतात. उसळ खाणाऱ्याला वर लिंबू पिळून द्यावे, जेवणासोबत चहा देऊ नये. लोह अंगी लागण्यास दोन्हींची मदत होते.

त्या मातेला आम्ही बाटल्या डॉक्टरांना दाखवण्यास आणि सात दिवस मुलाच्या पोटात प्रत्यक्ष काय गेले ते लिहून ठेवण्यास सांगितले. पुढील भेटीस तिने वही आणली. एकूण पाच पदार्थ होते. चौथा शेंगदाणे, पाचवा पेरू, तोही कच्चा, कडक, मिठाशिवाय. हा पेरू तो शेजारच्या अंगणात जाऊन खात होता, आणि घरात कोणी त्याला जेवण म्हणून मोजलेच नव्हते.